शंभरांतले तीन : दोन अमेरिकन महाविद्यालयांच्या प्रवेशाचे आकडे

2024 च्या सप्टेंबरातली गोष्ट. आमच्या महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये दुपारच्या चहाला एका प्राध्यापकांनी वर्तमानपत्रातली लहानशी बातमी मोठ्याने वाचून दाखवली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली आणि पहिल्याच वर्षी एका नामांकित महाविद्यालयात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रमाण शंभरात अकरावरून तीनवर आले, अशी ती बातमी. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "म्हणजे खरी पात्रता तीनच होती. बाकीचे आठ कृपेवर होते." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, परंतु वाचन कोणासाठी चालले होते हे खोलीतल्या सर्वांना कळत होते. दारात बी.ए. तृतीय वर्षाची एक मुलगी फ्रीशिपच्या अर्जावर सही घ्यायला उभी होती. तिनेही ऐकले.

सही झाल्यावर तिने विचारले, "सर, ते आकडे खरे आहेत का?"

मी म्हणालो, "खरे आहेत."

"मग?"

ह्या 'मग'ला त्या दिवशी मला धड उत्तर देता आले नाही. मी बावीस वर्षे प्रवेश समितीवर काम केले आहे. याद्या लावल्या आहेत, दाखले तपासले आहेत, टक्केवारीचे तक्ते विद्यापीठाला पाठवले आहेत. तरीही शंभरातले तीन म्हणजे काय, हे एका मुलीला सांगता आले नाही. पुढचे काही महिने त्या तक्त्यांच्या मागे लागलो, त्यातून जे हाती आले ते इथे मांडतो.

बातमीतले महाविद्यालय मॅसॅच्युसेट्स राज्यातले ॲम्हर्स्ट कॉलेज. स्थापना 1821. आपल्याकडे कॉलेज म्हटले की विद्यापीठाला जोडलेली आणि विद्यापीठाच्या परीक्षांना मुले बसवणारी संस्था डोळ्यांपुढे येते. तिकडच्या 'लिबरल आर्ट्स कॉलेज'चा प्रकार निराळा. ते आपली पदवी आपणच देते. चार वर्षांत विद्यार्थी साहित्य, गणित, इतिहास, जीवशास्त्र असे बरेच काही शिकतो आणि एका विषयात खोल उतरतो. पदव्युत्तर वर्ग जवळजवळ नसतात, आणि बहुतेक सर्वांचा मुक्काम वसतिगृहात. ॲम्हर्स्टचा एकूण पट एकोणीसशेच्या आसपास. म्हणजे दर वर्षी नवे विद्यार्थी पावणेपाचशेच्या घरात. आकडा क्षुल्लक वाटेल. पण त्या देशाचे न्यायाधीश, संपादक, मोठ्या पेढ्यांचे चालक अशाच मूठभर संस्थांतून निघतात, म्हणून त्या पावणेपाचशे खुर्च्यांवर कोण बसतो ह्याला महत्त्व येते.

आणि ह्याच ॲम्हर्स्टचा आणखी एक इतिहास आहे. 1826 साली, गुलामगिरी पूर्ण जोमात असताना, एडवर्ड जोन्स नावाचा कृष्णवर्णीय तरुण तिथून पदवीधर झाला. 1915 साली चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन झाला. तोच ह्यूस्टन पुढे हॉवर्ड विद्यापीठात कायदा शिकवू लागला, थर्गुड मार्शल त्याच्या हाताखाली तयार झाला, आणि शाळांतला वर्णभेद न्यायालयात मोडून काढण्याची सगळी आखणी त्याने केली. 1954 च्या ब्राऊन खटल्याचा निकाल पाहायला तो राहिला नाही; 1950 मध्येच गेला. (आपल्या नियतकालिकांतून एके काळी 'निग्रो' हा शब्द सर्रास येत असे. त्या लोकांनीच तो टाकून दिला आहे, म्हणून मीही टाकतो.)

आता त्या प्राध्यापकांचे विधान घेऊ. पहिली गोष्ट, अमेरिकेत आपल्यासारखे आरक्षण नव्हतेच. राखीव जागा ठेवण्यास तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1978 च्या बाकी खटल्यातच मनाई केली होती. उरली होती ती एवढीच मुभा, की अर्ज तपासताना गुण, शिफारशी, निबंध, घरची परिस्थिती ह्यांच्याबरोबर वंश हीसुद्धा एक बाब म्हणून पाहता येईल. 29 जून 2023 च्या निकालाने ती मुभा गेली. 2024 च्या शरदात ॲम्हर्स्टमध्ये जो पहिला वर्ग त्यानंतर आला त्यात कृष्णवर्णीय 11 टक्क्यांवरून 3 वर आले, हिस्पॅनिक 12 वरून 8 वर. खुर्च्यांच्या भाषेत सांगायचे तर पन्नासच्या आसपास कृष्णवर्णीय मुलेमुली यायची ती चौदा-पंधरा झाली.

बाकीचे आठ कृपेवर होते काय? साधा हिशेब करू. ॲम्हर्स्टमध्ये प्रवेश घेणाऱ्यांपैकी शंभरात नव्वदांहून अधिक विद्यार्थी पदवी घेऊनच बाहेर पडतात, आणि हे वर्षानुवर्षे चालले आहे. निकालापूर्वीच्या वर्गात कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मिळून तेवीस टक्के होते. त्यांतले बहुसंख्य जर अभ्यास न झेपणारे असते तर हा नव्वदांचा आकडा उभाच राहिला नसता. हा हिशेब बातमीत नव्हता. बातमीत फक्त दाराशी मोजलेली डोकी होती.

दुसरी गोष्ट. जागा कमी झाल्या त्या कोणाकडे गेल्या? 'गुणवत्तेचा विजय' म्हणणारे नेहमी आशियाई विद्यार्थ्यांचे नाव पुढे करतात. खटलाही त्यांच्याच नावाने चालवला गेला. ॲम्हर्स्टमध्ये त्या वर्षी आशियाई वंशाचे विद्यार्थी 18 वरून 20 टक्क्यांवर गेले. गोरे 33 वरून 39 वर गेले. दोन आणि सहा. तक्ता पुढ्यात असताना हा फरक कोणालाही दिसावा. आमच्या प्राध्यापकांना दिसला नाही, कारण त्यांनी एकच ओळ वाचली.

तिसरी गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. ऑक्टोबर 2021 मध्ये ॲम्हर्स्टने जाहीर केले, की माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशात दिले जाणारे झुकते माप आपण बंद करीत आहोत. त्याच वेळी संस्थेने हेही सांगितले, की अशा मुलांचे प्रमाण वर्गात आजवर 11 टक्क्यांच्या आसपास असे. म्हणजे बापाच्या किंवा आजोबाच्या पुण्याईवर ज्यांचे पारडे जड होई ते अकरा. त्या अकरांविषयी दोन शतके कोणी 'कृपा' हा शब्द उच्चारला नाही. त्याला परंपरा म्हणत. शिवाय तिथला सुमारे तिसरा हिस्सा विद्यार्थी महाविद्यालयाच्या कोणत्या ना कोणत्या संघात खेळतो, आणि संघासाठी प्रशिक्षकाने निवडलेल्याला प्रवेशात वजन असते. खेळ कोणते? फुटबॉल, बास्केटबॉल आहेतच. पण गोल्फ, स्क्वॉश, लॅक्रोसही आहेत. स्क्वॉशचे कोर्ट असलेली शाळा कोणत्या वस्तीत असते हे सांगायला समाजशास्त्रज्ञ नको.

आता प्रवेशाच्या आकड्याची रचना समजून घेतली पाहिजे, कारण चळवळीतले कार्यकर्तेसुद्धा इथे फसतात. 'प्रवेशाचा टक्का' हा एक आकडा नसतोच. वयाने आणि शिक्षणाने जे येऊ शकले असते ते सर्व हा पहिला आकडा. त्यांतून अर्ज करणारे हा दुसरा. अर्जदारांतून निवडले गेलेले तिसरा. निवडले गेलेल्यांतून प्रत्यक्ष येऊन बसणारे चौथा. आणि त्यांतून पदवी घेऊन निघणारे पाचवा. प्रत्येक टप्प्यावर गळती आहे आणि प्रत्येक गळतीचे कारण निराळे. अर्जच आले नाहीत तर दोष निवडीचा नाही, त्या आधीच्या बारा वर्षांचा आहे. निवड होऊनही मूल आले नाही तर बहुधा पैशाचा किंवा भीतीचा आहे. तिकडे 'अर्ली डिसिजन' नावाची एक सोय आहे. आधी अर्ज करायचा, निवड झाली तर येणारच असे बांधून द्यायचे. मोबदल्यात निवडीची शक्यता वाढते. पण ज्याला चार महाविद्यालयांच्या आर्थिक मदतीची तुलना करून मगच ठरवायचे आहे त्याने आधीच कसे बांधून घ्यावे? सोय सर्वांसाठी खुली, वापरणारे ठरलेले. कागदावर कोणाचेच नाव वगळलेले नसते.

म्हणून टक्का वाचताना अंशाआधी छेद पाहावा. आकडा शंभरातला आहे, पण ते शंभर कोण? हार्वर्ड हे काही लहान कॉलेज नव्हे, पण उदाहरण बोलके आहे. त्या संस्थेने 2024 साली कृष्णवर्णीयांचे प्रमाण 18 वरून 14 वर आल्याचे सांगितले; मात्र ज्यांनी आपला वंश सांगितला नाही त्यांना छेदातून वगळून. आणि न सांगणाऱ्यांचे प्रमाण त्याच वर्षी 4 वरून 8 टक्के झाले होते. छेद बदलला की टक्का बदलतो, एकही मूल आत न येता आणि बाहेर न जाता.

हे वाचन आपल्याला परके नाही. 1882 साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले त्याचा गाभाच हा होता, की शेतकऱ्याच्या करातून शिक्षणाचा खजिना भरतो आणि त्याचा लाभ वरच्या जातींच्या मुलांना मिळतो. आणि 1927 साली मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी शिक्षणाचे आकडे मांडले ते पाहावेत. महाविद्यालयांत असलेल्यांत कोणाचा वाटा किती, असे त्यांनी विचारले नाही. दर दोन लाख लोकसंख्येमागे महाविद्यालयात किती, असे विचारले. प्रगत हिंदूंचा आकडा हजार निघाला. मागास वर्गांचा जवळजवळ शून्य. अर्जदार छेदात घेतले असते तर हा शून्य दिसलाच नसता, कारण अर्ज करायलाच कोणी नव्हते. छेदात माणसे घेतली म्हणून तो दिसला.

आता दुसऱ्या महाविद्यालयाकडे वळतो. केंटकी राज्याच्या डोंगरपायथ्याशी बेरिया नावाचे गाव आहे. गुलामांचा बाजार चालणाऱ्या ह्या राज्यात जॉन फी नावाच्या गुलामगिरीविरोधी धर्मोपदेशकाने 1855 साली एक शाळा सुरू केली. 1859 च्या डिसेंबरात सशस्त्र जमावाने त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना राज्याबाहेर हाकलले. यादवी युद्ध संपल्यावर ते परत आले आणि 1866 साली वर्ग भरले. त्या वर्षीचा पट मला तोंडपाठ झाला आहे : एकूण 187, कृष्णवर्णीय 96, गोरे 91. कालपर्यंत ज्यांना अक्षर शिकवणे दक्षिणेतल्या कित्येक राज्यांत गुन्हा होता ती मुले आणि कालच्या मालक-वर्णाची मुले एका बाकावर, आणि संख्येने पहिली अधिक. महाविद्यालयाच्या पहिल्या पदव्या 1873 साली दिल्या गेल्या. त्याच वर्षी पुण्यात 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली आणि जोतीरावांनी ती अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना. जोतीरावांना बेरिया ठाऊक असण्याचे कारण नाही. तरीही ती अर्पणपत्रिका वाचताना मला तो 187 चा पट आठवतो.

पहिली वीस-पंचवीस वर्षे कृष्णवर्णीय विद्यार्थी निम्म्याच्या आसपास, पुष्कळदा निम्म्याहून अधिक राहिले. 1892 साली विल्यम फ्रॉस्ट अध्यक्ष झाले. त्यांनी कोणाला दार बंद केले नाही. त्यांनी अप्पालाचिया पर्वतराजीतल्या गरीब गोऱ्यांची उपेक्षा उत्तरेतल्या देणगीदारांपुढे मांडली, तिकडून विद्यार्थी गोळा केले, पट कितीतरी पटींनी वाढवला. ती मुले खरोखरच गरीब होती, हे मान्य केले पाहिजे. पण दशकभरात कृष्णवर्णीयांचे प्रमाण पाचात एकाहूनही खाली आले. काढून कोणाला टाकले नव्हते. भोवतीचा छेद फुगवला होता. मला ही दहा वर्षे पुढच्या कायद्याइतकीच महत्त्वाची वाटतात. कायदा दिसतो, त्याला तारीख असते, त्याच्याविरुद्ध मोर्चा काढता येतो. फ्रॉस्टसाहेबांच्या धोरणाविरुद्ध मोर्चा कशाचा काढणार? गरिबांना घेऊ नका म्हणून?

मग कायदाही आला. 1904 साली कार्ल डे नावाच्या आमदाराने केंटकीच्या विधिमंडळात विधेयक आणले : गोऱ्या आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना एकत्र शिकवणाऱ्या संस्थेला हजार डॉलर दंड, शिकवणाऱ्यालाही दंड, तिथे शिकायला बसणाऱ्या मुलालाही दिवसागणिक दंड. एकाच संस्थेच्या दोन शाखा काढायच्या तर त्यांत पंचवीस मैलांचे अंतर हवे. राज्यात असे एकत्र शिकवणारे महाविद्यालय एकच होते. कायदा त्या एकासाठी केला गेला. बेरिया न्यायालयात गेले. 1908 साली सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला. महाविद्यालय ही राज्याच्या सनदेने जन्मलेली संस्था आहे आणि सनदेत राज्य बदल करू शकते, हा त्याचा आधार. माणसांच्या हक्काचा प्रश्न कंपनी-कायद्याच्या खिडकीतून बाहेर टाकला गेला. विरोधी निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती हार्लन ह्यांनी, आणि ते स्वतः केंटकीचेच.

पट एका रात्रीत शंभर टक्के गोरा झाला. कार्टर वुडसन, ज्याने पुढे 1926 साली कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला आणि त्या इतिहासाला विद्येचा दर्जा मिळवून दिला, तो बेरियातून 1903 साली पदवीधर झाला होता. विधेयक एक वर्ष आधी आले असते तर? इतिहासात असे प्रश्न विचारू नयेत म्हणतात, पण मी विचारतो. बेरियाने आपल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना फिस्कसारख्या संस्थांत पाठवण्यासाठी मदत केली, देणग्या जमवून त्यांच्यासाठी लिंकन इन्स्टिट्यूट काढली, ती 1912 साली उघडली. हे सर्व चांगले होते, आणि हे सर्व बाकावरून उठवलेल्या मुलांसाठी होते. 1950 साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि बेरियाने लगेच दार उघडले. मध्ये शेहेचाळीस वर्षे गेली होती. म्हणजे आजोबा शिकला तिथे नातवाला बसता आले, मुलाला नाही.

आजचे बेरिया कसे आहे? पट दीड हजाराच्या आसपास. शिक्षणशुल्क नाही, 1892 पासून नाही. मात्र ज्याची फी भरण्याची ऐपत आहे त्याला तिथे प्रवेश मिळत नाही. गरज ही पात्रतेची अट आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला किमान दहा तास काम करावे लागते, मग ते स्वयंपाकघरात असो, शेतावर असो, ग्रंथालयात असो. बेल हुक्स 2004 पासून 2021 मध्ये मृत्यू येईपर्यंत ह्याच संस्थेत होत्या. कृष्णवर्णीयांचे प्रमाण 1866 च्या जवळ परत कधी गेले नाही, पण केंटकी राज्यातल्या त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणापेक्षा ते कितीतरी अधिक आहे. 2023 चा निकाल बेरियालाही लागू आहे. पण ज्या संस्थेने छेदच गरिबांचा ठरवला तिथला टक्का आणि ज्या संस्थेचा छेद स्क्वॉशच्या कोर्टापासून सुरू होतो तिथला टक्का, ह्यांना एकाच तराजूत घालता येत नाही.

ॲम्हर्स्टच्या त्या 20 टक्के 'आशियाई' रकान्याविषयी एक सांगितले पाहिजे. त्यात चिनी, कोरियन, व्हिएतनामी आले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले भारतीयही आले. त्यांत ब्राह्मण किती आणि दलित किती, हे विचारणारा रकाना नाही. मुंबईहून थेट गेलेला विद्यार्थी तर 'परदेशी' ह्या निराळ्याच खान्यात पडतो. मेन राज्यातल्या कोल्बी ह्या अशाच एका लहान महाविद्यालयाने 2021 साली भेदभावविरोधी नियमांत जात हा शब्द घातला. नियम झाला, मोजणी कुठेच नाही. बाबासाहेबांच्या हिशेबात जो शून्य दिसत होता तो ह्या तक्त्यांत दिसतच नाही.

आणि आपले तक्ते? महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी 13 टक्के जागा आहेत. आमच्या महाविद्यालयाच्या कला शाखेत पहिल्या वर्षाला त्या भरतात, आणि तसा तक्ता मी स्वतः सह्या करून पाठवला आहे. म्हणजे चौथा आकडा. पाचवा कोणी मागितला नाही, मीही दिला नाही. दुसऱ्या सत्रात आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली, शिष्यवृत्ती वर्ष सरून गेल्यावर आलेली, मधेच लग्न लावून दिलेली मुले-मुली हजेरीपटावरून एकेक करून पुसली जातात. प्रवेश समितीचे काम तोवर संपलेले असते. त्या प्राध्यापकांना उत्तर देताना मला हे प्रथम स्वतःशी कबूल करावे लागले.

मागच्या जूनमध्ये मी कार्यालयातून तीन वर्षांची जनरल रजिस्टरे काढायला सांगितली. कारकुनाने विचारले, "सर, वरून मागवलंय का कुणी?" मी नाही म्हणालो. तो थोडा घुटमळला, मग किल्ल्या घेऊन आला. ती मुलगी आता एम.ए.ला आहे, सुट्टीत गावी आली होती, तिलाच बोलावले. तिने कोरी वही उघडली, पट्टी ठेवली आणि रेघा ओढण्याआधी विचारले, "सर, रकाने चार की पाच?"

"पाच," मी म्हणालो. "आणि पहिला गावागावांत जाऊन भरायचा आहे."